बोटभर अलीकडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्लॅस्टर पुरवणाऱ्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे लॅबला डायऱ्या पाठवल्या होत्या. मालकांनी त्यातली एक मला दिली आणि मी ती कपाटात टॉवेलांखाली टाकून दिली. आज बाहेर काढली. एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही आणि बोलत्या माणसाला ती सांगायची सोय नाही.

काल संध्याकाळी लॅबच्या जिन्यात एका माणसाने माझा दंड धरला. आमची दातांची लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची आजारी, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. तिथे तो उभा होता. मी बाजूने जायला लागले तर दंड धरून म्हणाला, "एवढी घाई कसली?" मी ओरडले नाही. हात झटकला नाही. पिशवी त्याच्या तोंडावर हाणली नाही, आणि पिशवीत चांगल्या जड साबणाच्या वड्या होत्या. लोकांच्या कवळ्या करण्यात माझा जन्म गेला, आणि ऐन वेळी माझीच दातखीळ बसली. शेवटी वर लॅबशेजारच्या घड्याळवाल्यांनी दुकानाचं शटर ओढलं, तो आवाज ऐकून तो मला सोडून खाली निघून गेला. नेलं काहीच नाही. मी किती वेळ कठड्याला धरून उभी होते कोण जाणे.

यांना सांगितलं नाही. हे दिवसा पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला असतात आणि संध्याकाळी जुन्या गोदामामागच्या शेडमध्ये काठी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात, मी रागावले की मीही म्हणते. सांगितलं असतं तर साठी ओलांडलेला हा माणूस काठी घेऊन रोज त्या जिन्यात पहारा देत बसला असता. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. वस्तादांची बायको, आणि तोंडातून साधं "अरे" निघालं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भांडी घासताना बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे डाग यांना दिसले. मी म्हटलं, प्लॅस्टरमधले बुडबुडे काढायला आमच्याकडे एक थरथरणारं यंत्र आहे, त्याला आपटले. यांनी दंड उजेडाकडे वळवून पाहिला. आतल्या बाजूला एक डाग, बाहेरच्या बाजूला चार. म्हणाले, यंत्र केवढं आहे? मी म्हटलं, पातेल्याएवढं. "बरं," म्हणाले, आणि न मागता मलम आणून लावलं.

पटलं त्यांना. काठीत कितीही हुशार असोत, घरात यांना कुणीही काहीही पटवावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रोज संध्याकाळी घड्याळवाले दुकान बंद करेपर्यंत मी काम उकरून काढते आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरते. ते भले गृहस्थ. बोलत नाहीत, फक्त पायऱ्या उतरताना किल्ल्या वाजवतात. एखाद्या दिवशी ते लवकर गेले तर मी मालकांकडे डोकं दुखतंय म्हणून उजेडातच निघते. मालकांच्या ते ध्यानात आलं. आज म्हणाले, ताई, तुम्हाला जिना झेपत नसेल तर मी साचे घरी पाठवत जाईन, घरी बसून दात लावा. मार्चअखेर काय ते सांगा, म्हणजे तुमच्या टेबलावर दुसरं कुणी बसवता येईल.

माणूस चांगुलपणाने बोलला, पण मला कापल्यासारखं झालं. ते खिडकीजवळचं टेबल माझं आहे. तिथल्या उजेडात मी एकेक दात मेणात बसवते, पुढचे किंचित वाकडे, कारण अगदी सरळ दात खोटे दिसतात हे मला ठाऊक आहे. पलीकडे पॉलिशवाली दिवसभर नवऱ्याच्या कागाळ्या सांगते आणि आम्ही पोट धरून हसतो. घरी कुणाशी हसू? कपाटाशी? मला घरी बसायचं नाही. पण तो जिना एकटीने उतरायचाही धीर नाही. दोन्हींतलं एक काहीतरी मार्चअखेर ठरणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सूर्य पश्चिमेला उगवला. वस्तादांनी बाजारातून भाजी आणली. घरात माणसं दोन आणि कोबीचे गड्डे तीन. टोमॅटो सगळे फुटलेले. पिशवीच्या तळाशी कुणाची तरी जाहिरात आली होती, तिला मात्र रसाचा एक थेंब लागलेला नाही. "स्त्रियांसाठी स्वसंरक्षण वर्ग. वयाची अट नाही. छापखान्याच्या वरचा हॉल. मंगळवार, शुक्रवार संध्याकाळी."

मी ती तीनदा वाचली. देवाजीच्या मनात आलं की भाजीच्या पिशवीतूनही वाट दाखवतो.

यांचं मत काढावं म्हणून जेवताना सहज विषय काढला, की छापखान्यावर बायकांना मारामारी शिकवायचा वर्ग निघालाय म्हणे. असल्या वर्गांवर हे एरवी अर्धा तास बोलतात. "दहा-बारा तासांत लढायला शिकवणार! पी हळद आणि हो गोरी! आमच्याकडे पहिलं वर्ष नुसतं उभं राहायला जातं." आजही सुरुवात तशीच झाली, पण मध्येच थांबून म्हणाले की पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मोठ्या मुलांचा जादा सराव ठेवलाय, यायला उशीर होईल.

नेमके तेच वार! खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नाही. नशीब जोरावर आहे माझं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची असेल. केस कापलेले, गळ्यात शिट्टी. मी मनातल्या मनात तिचं नाव शिट्टीच ठेवलं. ती सगळ्यांना काकू, मावशी, ताई म्हणते, पण नजर पोलिसासारखी. मी कुणाची बायको हे मुद्दाम सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, सगळ्यांना विचारलं तरी.

पहिला धडा लढायचा नव्हताच. ओरडायचा होता. दोन्ही हात पुढे, आणि पोटातून, "मागे हो!" माझ्या शेजारी एक बस चालवणारी बाई होती. ती ओरडली तेव्हा खिडकीची काच वाजली. मग माझी पाळी. तोंड उघडलं, आणि जे काय बाहेर आलं ते दाराला तेल हवं असल्यासारखं होतं. हसू नका कुणी, असं शिट्टी म्हणाली. कुणी हसलंच नव्हतं. मलाच हसू आलं, आणि त्यापाठोपाठ रडू.

गंमत अशी, की घरात दूध उतू गेलं तर माझा आवाज तिसऱ्या गल्लीत जातो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात आज गादीवाला आला. तो शिट्टीचा भाऊ. डोक्यापासून पायापर्यंत जाड गाद्यांचा पोशाख, डोक्यावर भोपळ्याएवढं शिरस्त्राण, डोळ्यांपुढे जाळी. तो खरोखर अंगावर येतो, खरोखर धरतो, आणि आपण त्याला खरोखर मारायचं. बसवालीने त्याला असा गुडघा दिला की तो आतून "आई गं" म्हणाला. मी त्याला मारलं की तो विचारतो, काकू, सुरू केलंत का?

घरी येताना यांच्या शेडवरून आले. यांचा मोठा अभिमान म्हणजे काठी कितीही जोरात येवो, ती अंगापासून बोटभर अलीकडे थांबते. केसाला लागते, कातडीला नाही. तसं थांबवायला यायलाच सात-आठ वर्षं जातात, आणि मग म्हणे तो हात आपोआप थांबतो. खरं आहे. यांचा माशी मारतानाही थांबतो, म्हणून आमच्या घरातल्या माश्या सुखात आहेत.

लग्न झाल्यावर मी म्हटलं होतं, मलाही शिकवा. यांनी त्यांच्या गुरूंचा नियम सांगितला, की घरच्यांना शिकवायचं नाही. त्यांच्या गुरूंनी स्वतःच्या मुलाला दुसऱ्याकडे पाठवलं होतं. "आपल्या माणसावर खरा वार होत नाही. आणि खोट्या वारावर शिकलेला माणूस खऱ्या वाराला बळी पडतो." तेव्हा मला ती सबब वाटली होती. शिट्टीचं म्हणणं त्याच्या उलट, की थांबवायची सवय लावलीत की ऐन वेळीही हात थांबतो, म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून वार पोचवायला शिकवतो. आता बाजू घ्यावी कुणाची? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

४ मार्च, मंगळवार

काल जेवणाआधी यांनी कारण नसताना भाषण दिलं. माणूस पडतो तो ताकद नसल्याने नव्हे, टाच उचलल्याने. ओल्या फरशीवर उभे राहतो ना, तसं उभं राहावं, अख्खा तळवा टेकवून. मी कोशिंबिरीला कोबी चिरत होते (अजून संपलेला नाही), हो हो म्हटलं.

आज वर्गात शिट्टी म्हणाली, काकू, टाच उचलताय, ओल्या फरशीवर उभ्या राहता तशा राहा बरं. मी राहिले, आणि खरंच, गादीवाल्याने ढकललं तरी हलले नाही! सोनारानेच कान टोचावे लागतात, ते खोटं नाही. घरच्या माणसाने सांगितलेलं शिरतच नाही डोक्यात. आणि शिकवणारे सगळे एकाच साच्यातले, उदाहरणंसुद्धा तीच.

९ मार्च, रविवार

यांचे कान गेले बहुतेक. आठवडाभर पाहतेय. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की हे पुढच्या खोलीतून, "काय? ऐकू येत नाही." पुन्हा सांगितलं की, "अगं, पोटातून बोल जरा, ओठांतून काय बोलतेस." चहा झाला हे सांगायला मला आज चार वेळा ओरडावं लागलं. शेवटी इतकी ओरडले की शेजारीण चहाला आली.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी. म्हातारपण दबक्या पावलांनी येतं म्हणतात, यांचं पार कानांवर येऊन बसलं. त्यात हल्ली रात्रीचं वर्तमानपत्र वाचताना आपोआप हसतात.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी घड्याळवाल्यांनी विचारलं, तुमचे यजमान संध्याकाळी खाली कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात बसतात ते कुणाची वाट बघत? मी म्हटलं, ते दुसरे कुणीतरी, आमचे त्या वेळी शेडमध्ये असतात, आणि पुस्तकाशी त्यांचा संबंध उशाखाली घेण्यापुरता. घड्याळवाले म्हणाले, असेल. बारीक काम करून करून बिचाऱ्यांचे डोळे अधू झालेत.

वर्गात मनगट सोडवून घ्यायला जमलं. अंगठ्याच्या बाजूने फिरवायचं, तिथे पकड कच्ची असते. कोपर मारायला जमतं. पळायलाही जमतं, आणि शिट्टीच्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. दार गाठलं की जिंकलात. आवाज तेवढा येत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आजचा दिवस वाईट. गादीवाल्याने मागून येऊन दंड धरला आणि मी पुन्हा तशीच. हॉलमध्ये लख्ख उजेड, भोवती सगळ्या बायका, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो जिना. हात शिकले आहेत पण हलेनात. शिट्टीने शिट्टी वाजवली, मला खाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, आवाज आला की हात आपोआप येतील, आवाज ही किल्ली आहे. मी तिला जिन्यातलं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्यासारखं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. अशा गोष्टी रोज ऐकत असेल बिचारी.

मी ठरवलंय. शेवटच्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, परीक्षा आहे. त्यात आवाज आला तर जिना माझा आणि टेबलही माझं. नाही आला तर एकतीसला मालकांना सांगायचं, की पाठवा साचे घरी. आणि त्यावर पुन्हा रडायचं नाही.

यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, दाढा बसत नाहीयेत एका गिऱ्हाइकाच्या. म्हणाले, बसतील. 

२१ मार्च, शुक्रवार

वर्गाला जाताना दुरूनच पाहिलं, तर छापखान्याच्या दारातून वस्ताद बाहेर पडत होते! मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे लपले.  यांना कळलं की काय? वर जाऊन शिट्टीला आडून आडून विचारलं, तर म्हणाली, स्पर्धेची पत्रकं छापायला आले असतील, खाली छापखाना आहे ना. हुश्श झालं. खरंच, अठ्ठावीसलाच यांना शेजारच्या गावी काठीच्या स्पर्धेला पंच म्हणून जायचंय.

२८ मार्च, शुक्रवार

आज सविस्तर लिहिणार. हात दुखतोय तरी.

हे दुपारीच स्पर्धेला गेले. मी लॅबमधून घड्याळवाल्यांच्या मागे उतरले आणि हॉलवर गेले. शिट्टीने सांगितलं, भावाची कपाट उचलताना पाठ धरलीय, म्हणून दुसरा माणूस बोलावलाय. हा नवा गादीवाला अंगाने बारीक होता, पोशाख त्याला ढगळ होत होता. शिरस्त्राण घालूनच आला आणि कुणाशी एक शब्द बोलला नाही. पण काम चोख. बसवालीला त्याने असं धरलं की तिलाही चार वेळा झटके द्यावे लागले. सगळ्यांच्या परीक्षा झाल्या. मला शेवटी ठेवलं होतं.

मी पाठ करून उभी राहिले. तो मागून आला. त्याचा हात माझ्या दंडाकडे आला आणि बोटभर अलीकडे थांबला. शिट्टी वाजली. "परत." तो पुन्हा मागे गेला, पुन्हा आला, आणि पुन्हा तेच. हात आला, थांबला. मला खरंच राग आला. एक तर माझा जीव टांगणीला, आणि हा माणूस नेमका माझ्याच वेळी कुचराई करतोय! मी वळून त्याला म्हटलं, "अहो, त्यांना धरलंत तसं मला धरा ना. मी काय काचेची आहे? तुम्ही दया दाखवलीत तर माझं सोमवारी टेबल जायचं. धरा नीट."

 शिट्टी त्याच्याजवळ जाऊन हळू काहीतरी बोलली. त्याने मान हलवून नाही म्हटलं. ती मग मोठ्याने म्हणाली, "त्या स्वतः सांगतायत. त्यांना याची गरज आहे."

मी पुन्हा पाठ केली. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग धरलं त्याने. अगदी तोच दंड, तीच जागा, आत अंगठा आणि बाहेर चार बोटं. असं घट्ट, की हाडाला कळलं. जिना आला डोळ्यांपुढे. तो दिवा आला. दातांवर दात बसले. मग तळवे फरशीला टेकलेले जाणवले, आणि कुठून कोण जाणे, पोटातून, पोटाच्याही खालून, आवाज आला. "सोड! मागे हो!" आपला आवाज आपल्यालाच परका वाटावा असा. खाली छापखान्याचं यंत्र बंद पडलं, नंतर कळलं की माणसाने घाबरून बंद केलं. मग हात आपले आपण आले. कोपर, पोटरीवर लाथ, गुडघा. तो खाली पडला. मी पळत जाऊन दार गाठलं आणि दाराला दोन्ही हात लावून उभी राहिले.

बसवालीने मला उचललंच. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, मी हसत होते की रडत होते ते मलाच माहीत नाही. खूप खूप आनंद झाला. एवढा आनंद या वयात होतो हे मला माहीत नव्हतं.

तो माणूस उठून लंगडत सामानाच्या खोलीत गेला. शिरस्त्राण तसंच डोक्यावर. मी माफी मागायला मागोमाग गेले, तर आतून हुंदक्यांचा आवाज. मी चरकले. शिट्टी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, काकू, त्यांना लागलेलं नाही फारसं, थोडा वेळ बसू द्या त्यांना. तिचेही डोळे भरले होते. वरून कडक दिसते, पण हळवी आहे पोर. मी म्हटलं, माझ्याकडून त्यांना सांग, त्यांचे फार उपकार झाले. ती म्हणाली, ऐकलंय त्यांनी.

२९ मार्च, शनिवार

हेही लंगडतच आले स्पर्धेहून. व्यासपीठाची पायरी चुकली म्हणे. पोटरीवर ही एवढी सूज, बरगडीलाही लागलंय. मी शेक दिला, मलम चोळलं आणि चांगलं फैलावर घेतलं, की जन्मभर लोकांना पाय कसा टेकवायचा ते शिकवता आणि स्वतः पायरी चुकता.  एवढं दुखत असून चेहरा असा, की जेवणावळ झोडून आलेत जणू.

विचारलं, कोण जिंकलं? म्हणाले, "जिने जिंकायला हवं होतं ती."

हल्ली मुलीही काठीच्या स्पर्धेत उतरतात तर. बरं आहे.

३१ मार्च, सोमवार

मालकांना सांगितलं, मी कुठेही जात नाही, माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. ते म्हणाले, ताई, हळू बोला, मी इथेच उभा आहे.

संध्याकाळी घड्याळवाले निघाले तेव्हा त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. काम संपवून मी एकटी निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा नव्हता आणि कुणीतरी उभं होतं. पाय थांबले माझे. मग अख्खे टेकले. मी म्हटलं, "बाजूला व्हा. मला खाली जायचंय." ओरडले नाही. ओरडायची गरज नव्हती, हवा असता तर आवाज होता. तो पहिल्या मजल्यावरच्या विमा कचेरीतला कारकून निघाला, फोनला रेंज शोधत होता. सॉरी मॅडम म्हणाला आणि भिंतीला चिकटला.

खाली आले तर कोपऱ्यावर हे! म्हणाले, इथून चाललो होतो. हातात पुस्तक होतं, तेही उलटं धरलेलं. आम्ही बरोबर घरी आलो.

६ एप्रिल, रविवार

आज यांना सगळं सांगितलं. लपवून ठेवलेलं पोटात टोचत होतं. दुपारी स्वयंपाकघरात, हे बटाटे सोलत होते तेव्हा. जिन्यातला माणूस, वर्ग, परीक्षा, सगळं. वाटलं होतं रागावतील, निदान काठी शोधायला उठतील. हे सालं काढत राहिले. कान आता सुधारलेत, एकदाही "काय?" म्हणाले नाहीत. डॉक्टरांकडे नेणं राहूनच गेलं.

मग मी त्यांना नव्या गादीवाल्याचं सांगितलं, की पहिल्या दोन्ही वेळी त्याचा हात तुमच्यासारखाच बोटभर अलीकडे थांबला, आणि तिसऱ्यांदा धरलं ते मात्र खरं. म्हटलं, "राग मानू नका, पण तुमचा नियम बरोबर होता. तुम्हाला हे या जन्मात जमलं नसतं."

"नसतं जमलं," हे म्हणाले. मग विचारलं, "भीती वाटली तुला त्याची?"

"वाटली ना. जीवच गेला. म्हणून तर आवाज आला."

यांनी सुरी खाली ठेवली. पाठमोरे होऊन नळाखाली हात धुतले. बटाट्याने इतके कुठे हात खराब होतात, पण बराच वेळ धूत राहिले.

मी म्हटलं, एकच कळत नाही, आधी दोनदा थांबलेला माणूस तिसऱ्यांदा कसा काय तयार झाला.

"तू सांगितलंस म्हणून धरलं असेल त्याने," हे म्हणाले.

असेल. कोण होता, कुठला होता, मला त्याचं नावही माहीत नाही. यांना म्हटलं, भेटला कुठे तर त्याला एकदा जेवायला बोलवायचं आपण. बरं म्हणाले, आणि बटाट्यांची भाजी दोनदा वाढून घेतली.